अक्काचं हक्कसोडपत्र

तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कायदा शिकवला. त्यातही वारसा हक्क हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर वंशावळ काढायचो. वर बाप, खाली मुलगा आणि मुलगी, आणि दोघांच्या रेषा मुद्दाम सारख्या लांबीच्या. कुणी पोरगा मागच्या बाकावरून कुजबुजला की खडू थांबवून विचारायचो, "काय रे, तुझ्या बहिणीची रेष जड झाली का?" वर्ग हसायचा. मलाही माझ्या विनोदाचं कौतुक वाटायचं. नोकरी शहरात असली तरी घर कोडोलीला होतं. संध्याकाळी गाडीवरून घरी येताना ती रेष मी कॉलेजातच ठेवून यायचो.

वडील गेले त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. आई त्यांच्या आधीच गेली होती. मागे आम्ही दोघं, मी आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी अक्का. जमीन एक एकर दहा गुंठे, काळी, विहिरीची. सातबारा उताऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली आणि तलाठ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बहिणीचं नाव कधी कमी करताय?" आमच्याकडे हा शब्द असाच वापरतात, नाव कमी करणं. मीठ जास्त झालं तर कमी करावं तसं. यात कुणाला काही वाकडं दिसत नाही, मलाही तेव्हा दिसलं नाही.

हक्कसोडपत्राचा मसुदा मीच लिहिला. दुसऱ्या वकिलाला कशाला त्रास! 'भावाबद्दल असलेल्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.' वाक्य छान जमलं होतं. कुरुंदवाडहून, तिच्या सासरहून, अक्काला बोलावून घेतलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, जणू लग्नालाच निघाली होती. नोंदणी कचेरीत गर्दी होती, फोटो काढायचा, अंगठा यंत्रावर टेकवायचा, सगळं घाईघाईत चाललं होतं. साहेबांनी मान वर न करता तिला विचारलं, "बाई, राजीखुशीनं देताय ना? कागद वाचून दाखवलाय ना?" तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हो हो, सगळं समजावलंय." अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

मी तिला काही समजावलं नव्हतं. "सहीला ये" एवढाच निरोप दिला होता. तीही कशासाठी म्हणून विचारत बसली नाही. तिथून तिला दुकानात नेलं, मोरपंखी रंगाची साडी घेतली, हॉटेलात भजी खाल्ली आणि बसमध्ये बसवून दिलं. रीत अशीच आहे. बहिणीनं सही द्यायची, भावानं साडी द्यायची, आणि माहेर उघडं राहायचं. मी काही तिला फसवलं नाही, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ज्याला सांगत होतो तो ऐकत नसणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अक्का माहेरी यायची ते दिवस मला आजही डोळे न मिटता दिसतात. नागपंचमीला मी तिला आणायला कुरुंदवाडला जायचो, मुराळी म्हणून. आठवडाभर आधीपासून तिची पिशवी भरलेली असायची. गावच्या स्टँडवर उतरलं की आधी घर नाही, पाणी नाही, सरळ रान. निऱ्या वर खोचून ती बांधावरून सगळं रान फिरून यायची. ढेकूळ उचलून बोटांत चुरायची, भुईमुगाचं एखादं झाड उपटून शेंगा मोजल्यासारखं करायची आणि वडिलांना तिथूनच हाका मारून झापायची, "आबा, ह्या अंगाला पानी कमी पडलंय बगा! कुनाचं ध्यान हाय का न्हाय?" वडील हसायचे. मला शेतीचं भारी वावडं. मी तिची पिशवी घेऊन रस्त्यावर ताटकळत उभा असायचो आणि ती ओरडायची, "आरं येड्या, चिकलाला भितोस व्हय?" मला येड्या म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

सही झाल्यावरच्या पंचमीला मी आणायला गेलो, ती आली. स्टँडवर उतरली आणि घराच्या वाटेला लागली. मला वाटलं, पाय दुखत असतील. पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसली, चहा प्यायली, माझ्या बायकोशी चार गोष्टी बोलली. दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "अक्का, रानात फिरून येऊ या." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? तुमचं रान तुमी बगा." तिनं मला कधी अहोजाहो केलेलं नव्हतं. मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडलो नाही, त्यात माझीच सोय होती.

भांडण झालं नाही. रुसवाही नव्हता, असता तर मी समजूत काढली असती. नुसतं येणं पातळ होत गेलं. एका वर्षी म्हैस व्यायला आली होती, एका वर्षी नदीचं पाणी दारापर्यंत आलं होतं, एका वर्षी सुनेचं बाळंतपण. सगळी कारणं खरी होती, म्हणून तर माझा इलाज चालेना. मी आणायला गेलो की ती पोटभर जेवू घालायची, कृष्णाकाठची वांगी पिशवीत भरून द्यायची आणि मला एकट्यालाच परत पाठवायची. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन येताना मला लहान पोरासारखं रडू यायचं. पन्नाशी उलटलेल्या, कायद्याच्या मास्तराला. पुढं पुढं ती फक्त लग्नाला आणि मयतीला येऊ लागली, तीही त्याच दिवशी परत. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या घरांच्या लेकी यायच्या, दारात चपलांचा ढीग पडायचा. आमच्या दारात माझ्याच चपला.

मधल्या काळात आमच्या विषयात मोठी चर्चा सुरू झाली. मुलीला जन्मतःच वाटा आहे, बाप कधी वारला याच्याशी त्याचा संबंध नाही, हे वरच्या कोर्टानं स्पष्ट केलं. मग अभ्यासकांनी विचारायला सुरुवात केली की कायदा इतका पक्का, तर उताऱ्यावर बायकांची नावं का दिसत नाहीत? सगळ्यांचं बोट हक्कसोडपत्राकडे गेलं. कुणी म्हणालं, सहीआधी काही दिवसांची मुदत सक्तीची करा. कुणी म्हणालं, बाईला एकटीला बसवून, नातेवाईक बाहेर ठेवून, कागद तिच्या भाषेत समजावून सांगा. आमच्या कॉलेजातही यावर चर्चासत्र झालं. मी उभा राहिलो आणि जोरात बोललो. म्हणालो, "सज्ञान बाईच्या सहीवर संशय घेणं हा तिचाच अपमान आहे. तिला प्रेमानं द्यायचा हक्क आहे की नाही?" टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला पाठ होती, पण टाळ्यांच्या आवाजात आठवली नाही.

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं वर्ष. शेवटच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. प्रत्येकानं हक्कसोड केलेल्या एका बाईला भेटायचं, तिच्याच बोलीत तिची उत्तरं उतरवून आणायची, नाव-गाव लिहायचं नाही. परीक्षेच्या आधी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसलो होतो. बहुतेक पोरांनी एका बैठकीत, घरच्या मावशीला विचारून काम उरकलेलं. एक वही मात्र शिरोळकडच्या, अक्काच्या सासरच्याच भागातल्या एका मुलीची होती. अक्षर गोल, उतारे लांब. तिनं प्रश्न विचारला होता, "भाऊ काय करतात?" खाली उत्तर होतं:

"शिकीवतोय की. कायदाच शिकीवतोय, तुज्यासारख्या पोरास्नी."

मी चष्मा काढून पुसला. पुढचा प्रश्न, "मग त्यांनी तुम्हाला तुमचा हक्क समजावून सांगितला असेल?"

"न्हाय. तेवडं इसरला."

"तुम्हाला जमीन हवी होती का?"

"इच्यारलं आस्तं तर सांगितलं आस्तं."

"आता कुणी विचारलं तर?"

"आता कोन इच्यारतंय, बाळ. च्या घे, निवला."

आवाज कागदावर नसतो म्हणतात. मला तो ऐकू आला, कपबशीसकट. तेवडं इसरला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, पण अक्का मला त्या पोरीसमोरसुद्धा सांभाळून घेत होती. मी त्या वहीला पैकीच्या पैकी गुण दिले. लाल पेनानं शेरा लिहायचा असतो, तो मात्र लिहिता आला नाही.

वर्गात वह्यांवर चर्चा झाली तेव्हा तीच मुलगी उठून म्हणाली, "सर, कचेरीत बाईला राजीखुशीनं का म्हणून विचारतात, तेव्हा भाऊ शेजारच्याच खुर्चीत असतो. उत्तर बहुतेक तोच देतो." तिला माझ्याबद्दल काही माहीत होतं का, मला आजही ठाऊक नाही. तिच्या तोंडावर तसं काही नव्हतं. मी "मुद्दा चांगला आहे" म्हणालो आणि तास पाच मिनिटं आधी सोडला.

घरी येऊन बायकोला सांगितलं की अक्काचा वाटा अक्काच्या नावावर करून द्यावा म्हणतो. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "माज्या भावांनी माजं नाव कमी केलं तवा साक्षीदार कोन हुतं?"

साक्षीदार म्हणून त्या कागदावर सही माझीच होती.

"तवा न्हाय काय सुचलं," ती म्हणाली. चूल फुंकून तिनं भाकरी उलटली. "द्या. तिचंच हाय. पर मला आदी इच्यारलासा न्हाय, निस्तं सांगितलासा, ते ध्यानात ठेवा."

कायद्यानं आता अक्काचा कणभरही हक्क उरला नव्हता, तो माझ्याच मसुद्यानं संपवला होता. द्यायचं झालं तर बक्षीसपत्र करावं लागणार होतं. जे तिचंच होतं ते तिला बक्षीस द्यायचं! हे मी वर्गात शिकवलं असतं तर पोरं हसली असती.

कुरुंदवाडला गेलो तेव्हा अक्का दारात बसून चटणीच्या मिरच्यांचे देठ काढत होती. दाजी बाजाराला गेले होते. मला ठसका लागला, तिनं पाणी दिलं आणि मिरच्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही देठ काढू लागलो. वहीबद्दल बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं, त्या मुलीनं नाव गुप्त ठेवायचा शब्द दिलेला होता. बसमध्ये येताना मी सगळा प्रसंग मनात घोळवला होता. मी म्हणणार, अक्का, तुझा वाटा घे. ती म्हणणार, राहू दे की रे, मला काय करायचाय आता, तू आलास ह्यात सगळं आलं. मग माझे डोळे भरून येणार, तिचेही येणार, आणि पंचमीला ती माझ्याबरोबर येणार. आमच्याकडे असंच बोलतात. भावानं देतो म्हणायचं आणि बहिणीनं नको म्हणायचं, म्हणजे दोघांचीही शोभा राहते.

"अक्का," मी म्हणालो, "रानातला तुझा वाटा तुझ्या नावावर करून देतो म्हणतोय."

तिनं हातातल्या मिरचीचा देठ मोडला, मिरची टोपलीत टाकली. दुसरी घेतली.

"कवा?"

"काय कवा?"

"कवा करतोस नावावर?"

खोटं कशाला बोलू, जमिनीचा मला काही सोस नव्हता, पण ती नको म्हणेल या भरवशावरच मी इतक्या लांब आलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं. देण्याची मी तयारीच केली नव्हती, मी तयारी केली होती ती नकार ऐकायची.

"पुढच्या आठवड्यात," मी कसाबसा म्हणालो.

"निम्मं. हिरीकडचं," अक्का म्हणाली. "आबांनी मला त्या अंगाला शेंगा लावाय शिकीवलं हुतं. तुला ठावं न्हाय, तू कवा आलास तकडं?" मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "डोळ्याला हात लावू नगोस. तिखाट हाय."

बक्षीसपत्राच्या दिवशी ती कचेरीबाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "वाच."

"अक्का, सातवी झालीयास तू. तुला वाचता येतं."

"येतं की. तू वाच. तुज्या तोंडानं आयकू दे."

मी वाचू लागलो. चतुःसीमा आली, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस लिहून देणार यांची जमीन. ती मान हलवत होती, मध्येच थांबवत होती, "ह्ये काय लिवलंय, सादं सांग." मी साधं सांगितलं. अर्धा तास लागला. आयुष्यात मी इतका नीट एकही तास घेतला नव्हता, आणि समोर विद्यार्थी एकच. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आसं आस्तंय व्हय," आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. मला तिची माफी मागायची होती. शब्द ओठांपर्यंत आले आणि तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

बायकोनं घरी पुरणपोळ्या केल्या होत्या. मला वाटलं, आता तरी येईल. अक्का घड्याळाकडे बघून म्हणाली, "यष्टी हाय आडीचची." तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून तिनं हात केला आणि गाडी गेली. मी स्टँडवर बराच वेळ उभा होतो. पोळ्या गाईला घातल्या.

नंतर सहा महिन्यांच्या आत मी निवृत्त झालो. उताऱ्यावर तिचं नाव लागलं होतं. पेरणीच्या दिवसांत कुणीतरी सांगितलं, तुमची अक्का रानात आलीय. मी लगबगीनं बायकोला चहा ठेवायला सांगितला, सोप्यात सतरंजी टाकली आणि दाराशी बसून राहिलो. दुपार टळली. ती आली, पेरून घेतलं, पाटाला पाणी बघितलं आणि चारच्या गाडीनं गेली. आमचं घर रानापासून दहा मिनिटांवर आहे. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तसंच झालं. भांगलणीला, तण काढायला, बाया लावल्या, त्यांच्याबरोबर बसून भाकरी खाल्ली, गेली. गावात कुजबुज झालीच. शेजारचा एकजण मुद्दाम म्हणाला, "मास्तर, बहिणीनं रान घेतलं आनि भाऊ सोडला!" मी त्याला चार शब्द सुनावले. पण रात्रीपर्यंत ते वाक्य काही हलेना. कारण मला तेच तर हवं होतं, भाऊ म्हणून मला परत घेणं. मी समजत होतो की वाटा दिला म्हणजे हिशोब मिटला आणि आता अक्का पूर्वीसारखी येईल, पिशवी भरून, दारातूनच ओरडत. कायद्यात असं कलम नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

श्रावणातल्या एका दिवशी ती आल्याचं कळलं तेव्हा मी सतरंजी टाकली नाही. चप्पल पायात अडकवली आणि रानाकडे निघालो. वाटेत चिखल होता. पडवळाच्या वेलाखालून, ओढ्याच्या कडेनं, धोतरवजा नेसलेली लुंगी वर धरून मी चाललो होतो, आणि मला आठवेना की शेवटचा कधी या वाटेनं पायी गेलो. माझा निम्मा तुकडा खंडानं, म्हणजे वर्षाच्या भाड्यानं लावलेला आहे, वर्षातून एकदा बांधावरून नजर टाकली की झालं.

शेंगा गुडघ्याला लागल्या होत्या. माझ्या अंगाच्या उसापेक्षा तिच्या शेंगा किती नीट होत्या, हे शेतीतलं काही न कळणाऱ्या मलाही दिसलं. अक्का विहिरीच्या कठड्याला पाठ टेकून बसली होती, एकटीच, समोर भाकरीचं फडकं उलगडलेलं. केस पांढरे झाले होते. मी बांधावर येऊन थांबलो. पुढे पाऊल टाकायचं की नाही कळेना. हाक मारावी तर काय म्हणून मारावी?

तिनं मला बघितलं. घास खाली ठेवला.

"या पावणं," ती म्हणाली. "ऊन हाय. या सावलीला."

थट्टा करत होती की नव्हती, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"अक्का, मी पावना व्हय?"

"मग? माज्या रानात आलायस न्हवं?" ती म्हणाली. तिनं फडकं थोडं बाजूला ओढलं, जागा केली, आणि भाकरीवर ठेचा घालून माझ्यापुढं धरली. "बस."

मी बसलो. बापाच्या रानात, कुणीतरी बस म्हणेपर्यंत मी पहिल्यांदाच उभा राहिलो होतो.